मावसभावाचं सुतक

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

सकाळी चहा गाळताना कळंबहून फोन आला. रणजित गेला. माझ्या धाकट्या बहिणीचा, जयवंताचा मुलगा. पंचेचाळिशीसुद्धा पुरी झाली नव्हती. पहाटे उसाला पाणी द्यायला मोटर चालू करायला गेला आणि मोटरच्या पेटीला टेकून बसला, तो उठलाच नाही. आजार नाही, दवाखाना नाही.

केयूरने गाडी काढली. हे पुढे बसले, मी मागे. बारामती सोडल्यावर केयूरने गाडी कळंबलाच थांबवली.

जयवंता ओट्यावर बसून होती. रडून संपली होती. केयूरला पाहिलं मात्र, उठली आणि त्याच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की आतल्या बायका बाहेर आल्या. मी पुढे झाले. "केयूर, गाडी वाटेत लागलीय, काढ जरा," म्हटलं. गाडी वाटेत नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मावशीला हळूच खाली बसवलं आणि गेला. आता लिहिताना वाईट वाटतं. पण तिथल्या म्हाताऱ्यांचे डोळे मला दिसत होते. कळंबात साठीपुढच्या सगळ्यांना माहीत आहे.

या वहीत लिहायला हरकत नाही. केयूर जयवंताचा. बाराव्या दिवशी तिने तो माझ्या ओटीत घातला. यांची बदली तेव्हा नाशिककडच्या कालव्यावर झाली होती. आम्ही त्याला घेऊन तिकडे गेलो, आणि तो शाळेत जायला लागल्यावर बारामतीला परत आलो तेव्हा तो आमचाच होता. त्याला आम्ही कधी सांगितलं नाही. ती माझी अट होती. जयवंता एवढंच म्हणाली होती, "आक्का, दिल्यालं माघारी मागत न्हाय." तिने शब्द पाळला.

रणजितला दोन्ही मुलीच. मडकं कोणी धरायचं यावरून कुजबुज झाली. भावकीतले कुंडलिकआबा म्हणाले म्हणे, "हुडकताय कुणाला? हाय की हितं." मग कोणीतरी त्यांना गप्प केलं आणि चुलतभावाने मडकं धरलं. हे मला यांनी घरी आल्यावर सांगितलं. केयूरने घरापासून खांदा दिला तो स्मशानापर्यंत. "बदली करायला माणसं पुढं येत होती," हे म्हणाले, "यानं दिला नाही कुणाला."

लहानपणी सुट्टीत दोघं विहिरीवर एकत्र पोहायचे. मावसभाऊ असले तरी जीव होता एकमेकांवर.

२८ नोव्हेंबर

केयूर चार दिवस दाढी करत नाही. गादी सोडून खाली चटईवर झोपतो, पाठ दुखते म्हणतो. संध्याकाळी देवापुढे दिवा तोच लावतो नेहमी. काल म्हणाला, "आई, थोडे दिवस तू लाव." समोरच्यांकडे सत्यनारायण होता, त्यांनी आणून दिलेला प्रसाद घेतला नाही. पोट बरं नाही म्हणे. मग इराने केलेला उपमा दोनदा मागून घेतला.

कामाचा ताण असणार. ठिबक सिंचनाच्या कंपनीत माणसाला सगळा तालुका पायाखाली घालावा लागतो. उसाची लागण चालू आहे, सगळ्यांना आत्ताच नळ्या अंथरून हव्या असतात.

३ डिसेंबर

आज रणजितचा दहावा. मी गुडघ्यामुळे गेले नाही. हे आणि केयूर गेले. परत आले तेव्हा दार मीच उघडलं. केयूरने डोक्यावरचे केस उतरवले होते.

"अरे, हे काय!"

"सगळे बसले होते न्हाव्यापुढं, मीही बसलो. मावशीला बरं वाटलं."

मला फार राग आला. थोरल्या माणसासाठी भावकीतले धाकटे डोकं करतात, ते ठीक. पण बाप जिवंत असलेल्या माणसाने कधी केस देऊ नयेत, अशी आमच्याकडे रीत आहे. हा काय भावकीतला आहे? मी यांच्या देखत बोलले, तर हे हसले. "माझं आयुष्य काय त्याच्या केसांत गुंडाळून ठेवलंय? असू दे."

श्रियाला नुसता आनंद. अकरा वर्षांची आहे, पण बापाची टर उडवायला आजोबांच्या वरताण. "बाबा, आता पौर्णिमेला बाहेर जाऊ नका, लोकांना दोन दिसतील." तो हसला. तिला मांडीवर घेऊन बसला. डोळे भरलेले वाटले मला.

त्याला कोणी काही बोललं असेल का? कुंडलिकआबांच्या जिभेला हाड नाही. पण नाही. कळलं असतं तर तो मला विचारल्याशिवाय राहिला नसता. मी ओळखते त्याला.

१५ डिसेंबर

केयूरला जिना चढताना दम लागला. मध्येच कठड्याला धरून उभा राहिला, कपाळावर घाम. इराने पाहिलं. तो म्हणाला, "ॲसिडिटी." इरा कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, तिला असलं ऐकवत नाही. कंपनीने केलेल्या तपासणीचे कागद तिने कपाटातून काढले. कोलेस्टेरॉल इतकं वाढलेलं की तिला वाटलं छापताना चूक झाली. तिने लगेच डॉक्टरांची वेळ घेतली.

१९ डिसेंबर

इराच्या परीक्षा चालू, म्हणून केयूरबरोबर मी गेले. डॉक्टर संजीवनी म्हणून हृदयाच्या डॉक्टर आहेत, चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

त्यांनी त्याला मोजे काढायला लावले. टाचेच्या वरची शीर चिमटीत धरून पाहिली. "ही जाडी कधीपासून?"

"बूट लागून झालीय. म्हणून तर सँडल घालतो."

"बुटानं दोन्ही पायांना सारखी होत नाही." मग विचारलं, "वडील आहेत?"

मी पटकन म्हटलं, "अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. रोज सकाळी कालव्याच्या कडेनं चालून येतात. गोळी म्हणाल तर एक नाही."

"भावंडं?"

"एकुलता एक."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

केयूर मोजा घालत होता. मान वर न करता म्हणाला, "आई म्हणते तसंच."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. काही घराण्यांत रक्तातली चरबी उचलून टाकायची ताकद जन्मापासूनच अर्धी असते. माणूस बारीक असो की जाड, तूप खावो की न खावो. ती नसांत साठते, शिरांवर साठते, आणि चाळिशीत एके दिवशी माणूस बसल्या जागी जातो. आई किंवा वडील, एकाकडून हे येतं, आणि प्रत्येक मुलाच्या बाबतीत छापा-काटा असतो.

"केस कशासाठी उतरवलेत?"

"मावसभाऊ वारला. रणजित."

"वय? कशानं?"

त्याने सांगितलं. डॉक्टर एकदम माझ्याकडे वळल्या. "मावसभाऊ म्हणजे तुमच्या बाजूनं. काकू, उद्या उपाशीपोटी या, तुमचं रक्त बघू. ते चांगलं निघालं तर घराण्याचा संशय कमी. मग गोळी आणि पथ्यावर दोनेक महिने थांबता येईल. पण सख्खा भाऊ किंवा बाप असा चाळिशीत गेलेला असता ना, तर मी यांना आजच भरती करून अँजिओग्राफी केली असती. मुलीचंही रक्त तपासलं असतं."

मी पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिले. रणजितचा बाप, महिपती, शेतातच गेला होता. त्रेचाळीस वर्षांचा. सगळे म्हणाले होते, ऊन लागलं. म्हणजे बाप असा गेला. आणि भाऊही असाच गेला. हे मला तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं, आणि मी बोलले नाही. बोलायचं म्हणजे त्याच्या समोर बोलायचं.

गाडीत केयूर म्हणाला, "आई, उद्या तू नाही गेलीस तरी चालेल."

"का?"

"उगाच सुई कशाला टोचून घ्यायची."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी सुईसुद्धा नको का टोचून घेऊ?"

२१ डिसेंबर

माझं रक्त उत्तम निघालं. कागद देणारा मुलगा म्हणाला, "आजी, पंचविशीतल्या पोरीचं रक्त हाय तुमचं." आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या निकालाचं वाईट वाटलं.

डॉक्टरांनी गोळी दिली. फेब्रुवारीत परत बोलावलं आहे.

२२ डिसेंबर

इराने तुपाची बरणी, लोणी, शेंगदाण्याचं तेल, सगळं धुण्याभांड्याच्या अनिताला देऊन टाकलं. मग रिकाम्या फडताळासमोर उभी राहून मला म्हणाली, "आई, माझ्या हातचं खाऊनच झालं ना हे? लग्नात काडीसारखा होता."

मी म्हटलं, "वयानं होतं गं." तुझा काही दोष नाही, असं म्हणायला हवं होतं. पण मग दोष कुणाचा, ते पुढे आलं असतं.

सकाळी यांच्याबरोबर कालव्यावर गेले. यांना सगळं सांगितलं. हे पाण्याकडे बघत म्हणाले,

"सांगून टाक त्याला."

"संक्रांत होऊ द्या. सणाच्या तोंडावर कशाला? आणि गोळी सुरू आहेच की."

"राजेश्वरी, मी नोकरीभर पाणी सोडलं. पाण्याचं आवर्तन ठरल्या दिवशी सुटावं लागतं. शेतकरी थांबतो, पीक थांबत नाही."

"तुम्ही बाप आहात. बापाचं नातं बदलत नाही. मला तो मावशी म्हणून बघेल."

"तो तुला तसं बघेल असं तुला वाटतं?"

मला वाटत नाही. पण तसं वाटत नाही म्हणून भीती जात नाही. संक्रांतीनंतर सांगायचं मी कबूल केलं आणि यांनी ते मान्य केलं. माझ्यापुढे हे कधी जोर लावत नाहीत. या वेळी लावायला हवा होता.

२९ डिसेंबर

श्रियाच्या शाळेला सुट्टी, तिला घेऊन एसटीने कळंबला गेले. ती रणजितच्या मुलींबरोबर चिंचेखाली खेळायला गेल्यावर जयवंताजवळ विषय काढला. महिपतीला ऊन लागलं, ते कोणत्या महिन्यात?

"ऊन?" ती म्हणाली. "आक्का, माघात कसलं आलंय ऊन? ऊस तुटत हुता. थंडीत माणूस घामानं निथळला, म्हनून लोकं म्हनली ऊन. त्यांचा बाप बी तसाच. भाकरी मोडता मोडता."

"आणि टाचा?"

"टाचा तर समद्यांच्याच जाड. ह्या घराण्याचा पायच तसा म्हनत्यात. वहाणंचा मागला पट्टा कुनालाच बसायचा न्हाय. रणजितला शाळंत बूट घेतलं तर आठ दिवसांत मागनं फाडून घातलं त्यानं."

मी डॉक्टरांनी सांगितलेलं तिला सांगितलं. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. म्हणाली, "मी त्येला मागत न्हाय, आक्का. कवाच मागितला न्हाय. त्येचा जीव तेवढा राहू दे. सांग डाक्टरीनबाईला."

"त्याला कळेल गं मग."

"कळंल म्हनतीस?" ती माझ्याकडे बघत राहिली. "अगं, त्यो म्हैन्याच्या म्हैन्याला हितं येतो, माझ्यापाशी बसतो, रणजितला—" आणि थांबली.

"कामाला येतो तो. इकडं ठिबकची कामं आहेत त्याची."

"व्हय," जयवंता म्हणाली. "कामालाच येतो."

एक मूल गेल्यावर माणसाचं बोलणं असं मध्येच तुटतं. निघताना तिने श्रियाच्या ओंजळीत हरभऱ्याचा डहाळा दिला आणि तिचे पाय उगाच कुरवाळले. श्रिया म्हणाली, "मावशीआजी, गुदगुल्या होतात."

५ जानेवारी २०२५

दुपारी तीळ निवडत बसले होते. केयूर येऊन समोर बसला. केस थोडे आलेत आता. घर रिकामं होतं, इरा आणि श्रिया भाजीला गेल्या होत्या.

"आई, महिपतीकाका गेले तेव्हा केवढे होते गं?"

माझा हात ताटात थांबला असावा. म्हटलं, "मला नाही बाई आठवत. किती वर्षं झाली."

"रणजितएवढेच असतील."

"असतील."

तिळातला खडा त्याने काढून बाजूला ठेवला. "अजून काही आठवतं?"

"काय आठवायचंय?"

मग तो हसला. चिमूटभर तीळ तोंडात टाकले. "असू दे. संक्रांत होऊ दे छान. सतराला मी रजा घेतलीय."

"कशाला?"

"जरा काम आहे."

उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उठला. आता वाटतं तेव्हाच सांगायला हवं होतं. घर रिकामं होतं, त्यानेच विषय काढला होता. पण ध्यानीमनी नसताना त्याने सहज विचारलं, आणि आपण त्याचं सगळं आयुष्य उलटं करायचं? माझी तयारी नव्हती.

९ जानेवारी

ठरवलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सांगायचं, पंधराला. एक वाक्य तयार केलं आहे: "केयूर, तू माझ्या ओटीत आलास, पोटी नाही." शाळेत शिकवत होते तेव्हा वर्गात साठ पोरांसमोर कधी अडले नाही, आणि हे एक वाक्य आरशासमोरसुद्धा पुरं होत नाही.

२६ जानेवारी

आज लिहायला बसले.

केयूर ११ तारखेला गेला. शनिवारी. वडगाव निंबाळकरला एका बागाईतदाराकडे गेला होता. तिथे छातीत जळजळतंय म्हणून त्याने सोडा मागून घेतला. घरच्या बाईने "बसा जरा, साहेब" म्हटलं, पण घरी श्रियाला पतंग आणायचं कबूल केलंय म्हणून निघाला. रस्त्यावर कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. त्याने गाडी रांगेतून काढून बाजूला घेतली, कडुलिंबाखाली. हँडब्रेक लावला. मागच्या ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, झोपलाय माणूस. त्याने हॉर्न दिला, मग खाली उतरून काच ठोकली. तो ट्रॅक्टरवाला तेराव्याला आला होता. हात जोडून उभा होता, जसा काही त्याचाच अपराध.

अग्नी यांनी दिला. बापाने मुलाला. यांचा हात कुंडलिकआबांनी धरला होता. ते यांना म्हणाले, "नीळकंठराव, एका घराचं दोन खांब मोडलं दोन म्हैन्यांत." कोणी त्यांना गप्प केलं नाही. कोणाचं लक्ष नव्हतं.

जयवंता आली ती दाराशी, परक्या बायकांत बसली. मावशीला आत बसायचा मान नसतो. दहा दिवस ती इथेच राहिली आणि त्याच जागी बसली. भेटायला आलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "मावशी हाय. लई माया लावलेली दिसतीय." मी ऐकलं. मी उठून तिला पाणी दिलं. तिने तांब्या घेताना माझी बोटं धरून ठेवली. तेव्हाही मी बोलले नाही.

२९ जानेवारी

श्रियाची भीती वाटते. ती जिना चढली तरी माझे कान तिच्या पावलांकडे असतात. डॉक्टर म्हणाल्या होत्या, छापा-काटा.

आज इराला सांगितलं. ते तयार केलेलं वाक्य वापरलं नाही. सरळ म्हटलं, केयूर जयवंताचा होता. बाप आणि भाऊ दोघेही याच दुखण्याने गेले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

इरा खुर्चीवर होती, ती खाली बसली. "डॉक्टरांनी नेमकं काय विचारलं?"

मी सगळं सांगितलं.

"आणि तो? तो काय म्हणाला?"

"आई म्हणते तसंच, म्हणाला."

ती रडली. तेराव्यानंतर पहिल्यांदाच रडली, तोंडावर दोन्ही हात दाबून. "इतकं?" एवढंच म्हणत होती. "इतकं?" कोणाला म्हणत होती कळेना.

मी म्हटलं, "तो बिचारा काय सांगणार गं? त्याला माहीत असतं तर सांगितलं असतंच ना."

इराने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती. मग उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

१ फेब्रुवारी

इरा बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते, जाते. तिचं बरोबर आहे. हे म्हणाले, "जरा वेळ दे तिला." हेही माझ्याशी कमीच बोलतात. कालव्यावर एकटे जातात.

आज सकाळी इरा दारात उभी राहून म्हणाली, "सोमवारी श्रियाला डॉक्टरांकडे न्यायचंय. तुम्ही या. तुम्हीच सांगा."

३ फेब्रुवारी

डॉक्टर संजीवनींच्या खोलीत बसल्याबरोबर मी बोलले. श्रिया बाहेर वजन करून घेत होती. "डॉक्टर, मागच्या वेळी मी खोटं सांगितलं. मी त्याची आई नव्हे. सख्खी मावशी. त्याचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी असेच गेले. रणजित त्याचा सख्खा भाऊ."

शेवटी इतकं सोपं होतं ते. एका दमात झालं.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांना रोजच असं काही ऐकावं लागत असणार. त्या म्हणाल्या, "सतरा जानेवारीची वेळ ठेवली होती मी त्यांच्यासाठी. अँजिओग्राफीची. त्याच आठवड्यात श्रियाचंही रक्त घ्यायचं होतं. मी आधीची तारीख देत होते. ते म्हणाले, घरात सण होऊन जाऊ दे."

म्हणजे डॉक्टरांनाच टाचेवरून पुन्हा शंका आली असावी, आणि फोन करून बोलावून घेतलं असावं. हुशार बाई आहेत. मी विचारणार होते, पण त्या इराकडे बघत होत्या आणि इरा खिडकीबाहेर.

श्रिया आत आली. रक्त देताना रडली नाही. तिच्या टाचा बघून घेतल्या त्यांनी. "अजून काही नाही," म्हणाल्या. अजून, हा शब्द मी घरापर्यंत घेऊन आले.

८ फेब्रुवारी

श्रियाला आहे.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून तिच्याशीच बोलणं केलं, ते मला आवडलं. रोज एक गोळी, वर्षातून एकदोनदा रक्त, खेळायचं, पळायचं, सायकल चालवायची. "लवकर कळलं म्हणून तू म्हातारी होशील, आजीसारखी," असं म्हणाल्या. "हे तुझ्या आजोबांकडून बाबांकडं आलं आणि बाबांकडून तुझ्याकडं."

श्रिया खुदकन हसली. "पण आजोबा तर एकदम फिट आहेत! त्यांना काहीच नाही!"

इराने मान खाली घातली. मी श्रियाचा हात धरला आणि म्हटलं, "तुझे अजून एक आजोबा होते. कळंबला. मावशीआजीचे मालक. घरी गेल्यावर सांगते."

"म्हणजे मावशीआजी माझी आजी?"

"हो."

तिने जरा विचार केला. "मग तू?"

"मीही," म्हटलं. तिला ते पुरलं. मुलांना पुरतं.

जयवंताला फोन केला. म्हटलं, उद्या ये, श्रियाला सगळं सांगितलंय. मग ती म्हणाली, "आक्का, काय घिऊन यू पोरीला?"

संध्याकाळी इरा पोळ्या करत होती. बिनतुपाच्या. मी तिच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिले. आठवडाभरात पहिल्यांदाच ती उठून गेली नाही. मी म्हटलं, "इरा, एक विचारू? एवढ्या वर्षांत त्याला कधी संशय आला नाही ना गं? तुला काही म्हणाला होता?"

तिचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी फुगली आणि एका बाजूने करपायला लागली, तरी तिने उलटली नाही. मग चिमट्याने ती उतरवून तिने बाजूला ठेवली.

"नाही, आई," ती म्हणाली. "त्याला काहीच माहीत नव्हतं."

बरं वाटलं. माझ्या हातून त्याचा जीव गेला, ते काही मला कोणी माफ करणार नाही, मीही नाही. पण तो मला आईच समजत गेला. तेवढं एक मी शेवटपर्यंत सांभाळलं.